पडली म्हणायचं नाही

माय, दाराला बाहेरून कुलूप आहे. तुझा नातू आत्ताच ते लावून कामाला गेला. आतलं लाकडी दार तो उघडं ठेवतो, वारा यावा म्हणून, आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप घालतो. सून गुजराती आहे, ती त्याच्याही आधी बँकेत जाते. जाताना तो रोज जाळीतून सांगतो, मम्मी, काही लागलं तर फोन करजे, बाजूच्या बेनकडे एक चावी दिलीय. बाजूच्या बेन दुपारी झोपतात, आणि त्या झोपल्या की दारात ढोल बडवला तरी उठत नाहीत हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. मी मान डोलावते. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज येतो आणि मग पाचव्या मजल्यावर मी, जाळी, आणि जाळीतून दिसणारा समोरच्यांचा चपलांचा स्टँड. त्यातल्या कुठल्या चपलेचा अंगठा तुटलाय तेही मला पाठ झालंय. तुला हे सांगावंसं वाटलं, कारण मला पहिल्यांदा कोंडून ठेवणारी तू होतीस. म्हणून कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे अक्षराबद्दल तुझी तक्रार असणार नाही, हे एक बरंच आहे. ओळ सुरू करते तेव्हा माझं अक्षर वर्गातल्या फळ्यावर असायचं तसं असतं आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होतं. जन्मभर पोरांना सांगत आले, अक्षर मोठं काढा. आता माझंच आकसतंय.

आजाराला कंपवात म्हणतात. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, पण खरी पंचाईत पायांची आहे. चालता चालता, विशेष करून दारातून जाताना, पाय जमिनीला चिकटतात. दुखत नाहीत, लुळे पडत नाहीत, नुसते जागच्या जागी खिळतात. मी मनानं स्वयंपाकघरात पोचलेली असते, दुधाखालचा गॅस बंद करून टाकलेला असतो, आणि पाय इकडे हॉलमध्येच. चला म्हटलं तर ढिम्म. थोड्या वेळानं सुटतात, कधी लवकर, कधी दूध उतू गेल्यावर. पाहणाऱ्याला वाटतं बाई काहीतरी आठवत उभी आहे. व्यायाम शिकवायला एक गुजराती मुलगी येते, मला बा म्हणते, गोड आहे पोरगी. तिनं स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर निळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची आहे असं पायाला वाटलं की तो उचलला जातो. असं का होतं ते तिनं मेंदूचं चित्र काढून समजावलं, मला काही ते समजलं नाही. पण पाय उचलला जातो खरा. टेपच्या पट्ट्यांसाठी माझं शहाणपण अडून राहिलंय हे बघून आधी राग आला, मग रडू आलं, आता सवय झाली.

कुलूप का, ते सांगते. मी ज्वारी दळायला गेले होते. इथल्या चक्कीला घंटी म्हणतात, आणि ज्वारी मनासारखी दळून देणारी घंटी पर्वत पाटियाच्या चौकापलीकडे आहे. पोरगा म्हणतो, पीठ मोबाईलवर मागव, घरी येतं. येतं, पण त्या पिठाची भाकरी थापताना चिरफळ्या होतात. तर मी पिशवी घेऊन परत येत होते. रस्त्याच्या मधल्या दुभाजकात माणसं जायला एक फट ठेवलीय, तिथं पाय खिळले. पुढून साड्यांच्या गाठोड्यांचे टेम्पो, मागून रिक्षा. मला कळलं काय झालंय ते. घाई केली तर तोंडावर आपटणार, म्हणून शहाण्यासारखी कठड्यावर बसले, पीठ मांडीवर घेतलं आणि पाय सुटायची वाट पाहू लागले. पण बाई मधोमध बसलेली पाहिली की लोकांना करमत नाही. दोघंतिघं जमले, कुणी पाणी दिलं, कुणी माझ्या पर्समधून फोन काढून तुझ्या नातवाला लावला आणि सांगून टाकलं, तमारा मम्मी पडी गया छे. तो शहराबाहेरच्या सचिन गावातल्या मिलमधून आला. एवढ्या लांबून आला आणि शेवटचा रस्ता त्यानं गाड्या न बघता पळत ओलांडला. त्याचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. घरी आल्यावर मी म्हटलं, "अरे, मी पडले नव्हते. पाय खिळले, म्हणून मी बसले." तो बूट काढत होता, मान वर न करता म्हणाला, "मम्मी, एकच ने?" दुसऱ्या दिवसापासून कुलूप.

एकच म्हणे. तू असतीस तर त्याला उभा आडवा घेतला असतास. माझ्या चालण्यासाठी तुझ्याजवळ इतके शब्द होते की त्यातले अर्धे मला पुढे बीएडला जाऊनही कुणाच्या तोंडी ऐकायला मिळाले नाहीत. मी होतेच तशी धांदरट. पाय एकीकडे, लक्ष दुसरीकडे. दगडाला अंगठा लागला की तू म्हणायचीस ठेचकाळली. पाय पायात गुंतला की अडखळली. ताप उतरल्यावर मोरीपर्यंत गेले तर लटपटून राहिली. चप्पल घासत चालले की रखडू नको. कुठं जाऊ नको सांगितलेलं असताना गेले आणि लागून घेऊन आले की गुडघा बघायच्या आधी तुझा प्रश्न यायचा, कुठं तडमडाले गेलती वं? तू पोळ्या लाटत असताना मध्ये आले की काहून कडमडली इथं. संध्याकाळी गल्लीतून झोकांड्या खात येणारा एक माणूस होता. गुजरातेत दारूबंदी असून याला मिळते कुठं, हे कोडं तू रोज मोठ्यानं घालायचीस, आणि त्याच्यासाठी तू भेलकांडणे राखून ठेवला होतास. एकदा मी खेळताना गरगर फिरून तशी चालले तर तो शब्द मला लावायला तू तयार झाली नाहीस. तो त्याचा, म्हणालीस, तुह्या वाट्याचे दुसरे हायेत. शाळेत मास्तरीण झाले तेव्हा अडखळत वाचणाऱ्या पोरांवर मी हेच शब्द वापरले, पण माझ्या तोंडी ते पुस्तकी व्हायचे. मराठी शाळेतली आपलीच पोरं, घरी एक बोलायची, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. धडपडला म्हटलं की माझ्याकडे बघत राहायची. मॅडम, पडला ना, असं दुरुस्त करून द्यायची.

पडली हा शब्द तू मला कधीच लावला नाहीस. हे मला फार उशिरा लक्षात आलं. आता रिकाम्या घरात तुझी सगळी बोलणी एकेक करून आठवते, त्यात तो एक शब्द कुठंच सापडत नाही. झाडावरून खाली आले तरी नाही, खालच्या पायरीवर दात आपटला तरी नाही. आणि मग वडील आठवले, आपले बापू. मी लहान होते, चुलीजवळ बसले होते. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात, त्या खात्यातला एक माणूस धावत आला आणि दारातूनच म्हणाला, भाभी, वो गिर गया. कपड्याचे ताके खांद्यावर घेऊन बापू जिन्यावरून चढत होते. तू भात खाली उतरवलास. घाई केली नाहीस. डब्यातली हळद घेतलीस, पदराच्या टोकाला बांधलीस, आणि लागलं का फार, असं विचारत त्याच्यामागं निघालीस. तुला वाटलं गुडघा फुटला असेल, हळद दाबू. तो माणूस नुसता पुढे चालत राहिला. गल्लीच्या तोंडाशी तू थांबलीस आणि तुझा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू आला. "उठला का तो?" एवढंच विचारलंस. तो रडायला लागला. पदराची ती गाठ तू किती तरी दिवस सोडली नव्हतीस. तो शब्द त्या दिवशी तू बापूंसोबत देऊन टाकलास, असं मला आता वाटतं, आणि मला मात्र शंभर दुसरे शब्द दिलेस. हे मला तुझ्या हयातीत का सुचलं नाही, कोण जाणे.

काल इथंच थांबले होते. हात दुखायला लागला आणि व्यायामाची मुलगी बेनकडून चावी घेऊन आली. आज परत कुलूप, परत कागद.

बापू गेल्यावर तू साड्यांचे धागे कापायच्या कामाला लागलीस आणि मला खोलीत कोंडायला लागलीस. घरमालकाच्या दुसऱ्या खोल्यांतून कुणी बघणारं नव्हतं, गल्लीत उघडं गटार, रस्त्यावर ट्रक, आणि पोरगी अशी, सरळ जमिनीवर अडखळणारी. दुसरं काय करणार होतीस तू? भाकरी ताटाखाली झाकून ठेवायचीस, पाण्याचा तांब्या भरायचीस, आणि बाहेरून पत्र्याच्या दाराला कुलूप. मी दार बडवायची, मग रडायची, मग फटीतून गल्लीत जाणारे पाय बघत लोळायची. दाराला उंबरा नव्हता, त्यामुळे खाली चांगली हातभर रुंद फट होती, पण उंचीला बेताची. एक दिवस मला वाटलं, पाय बाहेर जातो तर मीही जाईन. पाय घातला तो घोट्यापर्यंत गेला आणि पत्र्याच्या दुमडलेल्या काठाखाली अडकला. ओढला तसा आणखी रुतला. मग काही करता येईना. मी आत पाठीवर पडून, एक पाय बाहेर गल्लीत. कुत्रं येऊन हुंगून गेलं. घसा बसेपर्यंत ओरडले, मग गप्प झाले. आता पाय खिळतात तेव्हा मला ती दुपार आठवते. तीच तगमग. सगळं अंग मोकळं आहे आणि तरी कुठंच जाता येत नाही.

तू आलीस तेव्हा मला तुझं तोंड दिसलं नाही, फटीतून फक्त तुझे पाय दिसले. ते थांबले. मग तू मटकन खाली बसलीस आणि तुझे हात दिसले. कुलूप काढून उपयोग नव्हता, दार आत उघडायचं आणि त्याच्याखाली माझा पाय होता. मला वाटलं आता शिव्या बसणार. तू माझ्या पायाची बोटं हातात घेतलीस. शेजारणीकडून तेल आणून घोट्याला लावलंस. मग बाहेरून अगदी हळू म्हणालीस, "ओढू नको बाई. ढिला सोड. मी आली." असा आवाज मी तुझा आधी ऐकला नव्हता आणि नंतरही कधी ऐकला नाही. पाय सुटला. आत येऊन तू घोटा धुतलास, हळद लावलीस, आणि तेव्हा कुठं तुला नेहमीचा आवाज सापडला. पाय घालाले तुले दुसरी जागा भेटली नाही का, असं म्हणून मला एक धपाटा घातलास आणि मग जवळ ओढलंस.

दुसऱ्या दिवशी तू कुलूप घरमालकिणीला परत देऊन टाकलंस. खात्यातून एक लाकडी फळी मागून आणलीस, लूमची जुनी, तेलानं काळी झालेली, आणि दारात आडवी ठोकलीस. त्यावर हळदीकुंकू वाहिलंस. लोक म्हणाले, भाड्याच्या खोलीला कशाला उंबरा, पण तू सांगितलंस, उंबऱ्याबिगर घर असते का. मला माहीत होतं फळी का ठोकलीय ते. आणि मला म्हणालीस, संग चाल. समोर चाल, मी मांगं हाये. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हा कायदा. मी तो रोज मोडायची, कारण पाय पुरता उचललाच जायचा नाही, आणि रोज घरातून निघताना पहिली ठेच तिथंच. मागून तुझा पट्टा सुरू. उचल. रखडू नको. बघ समोर. फेंगडी चालू नको. खात्यापर्यंत हीच आरती. लोक हसायचे, मला लाज वाटायची, आणि मी मनात ठरवून टाकलं होतं की माझ्या आईला मी आवडत नाही. हे मी किती वर्षं खरं धरून चालले, माय. तू गेल्यावर तेराव्याला आलेली आपली जुनी शेजारीण बोलता बोलता म्हणाली, तुझी आई रस्त्यानं जाताना आम्ही बघायचो, तोंडानं तुला बोलत राहायची आणि दोन्ही हात असे पुढं करून चालायची, कोंबडी धरायला निघाल्यासारखी. धरायची मात्र नाही. मी तिला चहा द्यायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून रडले.

मध्ये बरेच दिवस कागद हातात घेतला नाही, आता तुझ्या नातवाचं ऐक. शुक्रवारी संध्याकाळी तो लवकर आला. चहा झाल्यावर मी त्याला हॉलमध्ये बसवलं आणि म्हटलं, आज शिकवणी आहे, मोबाईल ठेव. शाळा सुटली तरी मास्तरणीचा आवाज सुटत नाही, त्यानं निमूट ठेवला. मी त्याला बापूंची गोष्ट सांगितली. त्याला एवढंच माहीत होतं की आजोबा कामावर असताना वारले. हळदीची गाठ माहीत नव्हती. उठला का तो, हेही माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर तो कपाची कड पुसत बसला. मग म्हणाला, "मम्मी, मला पण त्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं, पडी गया छे. पुढे फोन कोणी उचललाच नाही. सचिनपासून इथपर्यंत मला माहीत नव्हतं तू उठलीस की नाही." मी कुलपाच्या रागात एवढी भरले होते की तो सगळा रस्ता त्यानं कसा काढला असेल ते मी एकदाही मनात आणलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून उचलला, तर तो थरथरणारा हात बघून त्यानंच धरला.

तरी मी शिकवणी सोडली नाही. उठून त्याला करून दाखवलं. हे बघ, हे अडखळणं, असा पाय अडला आणि मी सावरले. हे लटपटणं, इथं भिंत धरली की झालं. हे घुटमळणं, यात मला काहीच झालेलं नाही, मी फक्त जावं की नाही ते ठरवतेय. आणि हे खिळणं, यात मी पडत नाही, मला फक्त वेळ लागतो. पडणं म्हणजे पडणं, ते मी दाखवणार नाही, तुझ्या आजीनं मनाई केलीय. सून दारात उभी राहून बघत होती, तिला हसू आवरेना. एवढ्या वयाची बाई सोफ्यापासून टीव्हीपर्यंत झोकांड्या खातेय म्हटल्यावर कुणाला आवरेल? माझ्या तोंडून मध्येच निसटलेला शब्द धरून तिनं विचारलं, भेलकांडवुं एटले शुं, म्हणजे काय, आणि मी म्हटलं, ते तुझ्या वाट्याचं नाही. मग स्वयंपाकघरातून पाणी आणायला वळले आणि दाराच्या अलीकडे खरोखरच खिळले. टेपच्या पट्ट्या फरशी पुसून पुसून निघाल्या होत्या. पोरगा टुणकन उठला, मी म्हटलं, धरू नको, धरलंस की मी तुझ्यावर रेलेन आणि मग खरंच जाईल तोल. तो माझ्याजवळ हात लोंबकळत उभा. मम्मी, चल ने, पाय उचल ने, असं विनवू लागला. पाय ढिम्म. मी म्हटलं, असं नाही रे, रागाव. तो म्हणे, तुझ्यावर कसं रागावू? म्हटलं, आजीसारखं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि त्याच्या त्या अर्ध्या गुजराती मराठीत ओरडला, "काहून तडमडून राहिली वं तिथं? पाय उचल!" माय, पाय उचलला गेला. खोटं नाही सांगत. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि हसता हसता मला रडू फुटलं. तोही तसाच.

एवढ्यानं कुलूप निघेल असं मला वाटलं होतं. निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी लागली, चावी फिरली, मम्मी फोन करजे. मी तुला खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला तो मुलगा नकोसा झाला. समोरच्यांच्या चपला बघत बसले. घरकाम करणारी येऊन जाळीतूनच परत गेली, तिला चावी द्यायला बेन उठल्या नाहीत. जेवावंसं वाटेना. तुझ्या खोलीत निदान फट तरी होती, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

काल रविवार होता. सकाळी तो मिस्त्रीकडे जाऊन लाकडाची पट्टी घेऊन आला. व्यायामाच्या मुलीला विचारून आणली, चपटी, जाड नको, दिसायला हवी पण पायाला लागायला नको. जाळीच्या दाराशी त्यानं ती गुडघ्यांवर बसून चिकटवली, गोंद वाळेपर्यंत वर वरवंटा ठेवला. सूनबाईनं कुणी न सांगता कुंकू आणून लावलं, त्यांच्यातही उंबरो पुजतात. मग तो म्हणाला, चल, ज्वारी आणू. मी म्हटलं, तू पुढं नको, मागं राहा. मी पट्टी ओलांडली. लिफ्टपर्यंत मागून त्याचं बोलणं सुरू, शब्द थोडेच येतात त्याला, तेच फिरवून फिरवून वापरत होता, रखडू नको, बघ समोर, आणि रखडत नव्हते तिथंही रखडू नको. लिफ्टचं दार स्टीलचं आहे, आरशासारखं. लिफ्ट येईपर्यंत मी त्यात पाहत उभी होते. माझ्या मागं तो उभा होता आणि त्याचे दोन्ही हात माझ्या पाठीशी पुढं केलेले होते. मी वळून बघितलं नाही. त्याला कळू दिलं नाही. चौकात जाऊन दळण आणलं, दुभाजकाच्या फटीपाशी थोडी घुटमळले, तो मागून बोलला, गेले.

आणि आज सकाळी तो गेला तेव्हा चावी फिरल्याचा आवाज आला नाही. कुलूप काढून त्यानं आतल्या खिळ्याला अडकवलंय, चावीसकट. जाळी नुसती लोटलेली आहे. लिफ्ट खाली गेल्यावर मी साडी बदलली, पिशवी घेतली, चपला घातल्या. ज्वारी कालच आणली, तर म्हटलं आज नाचणी आणावी, नाहीतर कोथिंबीर, काहीतरी आणावं. पट्टीपाशी गेले. कुंकू अजून ताजं दिसत होतं. मागं कुणी नव्हतं.

मग येऊन हे लिहायला बसले. समोरच्यांच्या दारातून उन्हाची तिरीप येते ती आता चपलांच्या स्टँडवरून सरकून भिंतीवर गेलीय, म्हणजे बराच वेळ झाला. दार उघडं आहे, माय, आणि मी भ्याले आहे. पोराला हे सांगता येणार नाही, तो लगेच कुलूप काढेल खिळ्यावरून. तुला सांगते. पिशवी खांद्यालाच आहे, चपला पायातच आहेत. तू मागून एकदा काहीतरी बोल.